तोंडाला फेस

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायचा मला महिन्याला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करतो असं बायकोचं म्हणणं आहे, पण ते जाऊ दे. सांगायची गोष्ट अशी, की ज्या माणसाच्या सहीशिवाय कारखान्यातून एक बुश बाहेर पडत नाही, त्या माणसाला सलग दोन दिवस सारखा दाढीचा फेस काढता येत नव्हता. आणि हे दिवाळीपासून होळीपर्यंत चाललं.

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, डबा सापडला, तिथून हे सुरू झालं. डब्यात त्यांचा सेफ्टी रेझर, तुरटीचा गुळगुळीत झालेला खडा आणि टक्कल पडत आलेला ब्रश. किंग कॅम्प जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाला 1904 साली ज्या वस्तूचं पेटंट मिळालं, तीच ही: मूठ फिरवली की तीन तुकडे सुटतात, मध्ये दुधारी पातं ठेवायचं, पुन्हा आवळायचं. इतकं साधं यंत्र हाताशी असताना मी पाच पात्यांची महागडी प्लॅस्टिकची कार्ट्रिज का विकत घेतोय, असा प्रश्न मला पडला. माणसाला असे प्रश्न पडू नयेत.

अण्णांची दाढी मला लख्ख आठवते. पंचवटीतल्या वाड्यात खिडकीच्या गजाला आरसा टांगलेला, चौकटीवर स्टीलची वाटी, शेजारी रेडिओ. सकाळच्या बातम्या सुरू झाल्या की ब्रश वाटीत, बातम्या संपल्या की तोंडाला तुरटी. रोज तोच फेस, तेवढाच, तसाच. त्यांनी कधी वाटीत डोकावून पाहिल्याचंही मला आठवत नाही.

मी मात्र वाटीत डोकावण्यात चार महिने घालवले.

आधी फेस म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते पंचेचाळिशीत कळलं. चांगला फेस म्हणजे पुष्कळ फेस नव्हे. गालावर जत्रेतल्या म्हातारीच्या कापसासारखा ढीग उभा राहतो तो नुसता देखावा. त्यात हवाच जास्त, आणि पातं काही हवेवरून घसरत नाही. ते घसरतं साबण मुरलेल्या पाण्याच्या पातळ थरावरून. म्हणून फेस बघून कळत नाही, चिमटीत धरून कळतो. बोटं एकमेकांवरून सटकली तर पास, करकरली तर रिजेक्ट. डोळ्यांनीच बघायचं असेल तर फुगवटा बघू नका, तकाकी बघा. दिव्याचा उजेड त्यावर असा तरळला पाहिजे, जसा रविवारी सकाळी मिसळीच्या तर्रीवर तरळतो. सुरुवातीला फेस चक्क्यासारखा कोरडा असतो, थेंब थेंब पाणी घालत ब्रश फिरवत राहिलं की त्याचं श्रीखंड होतं, आणि हाव धरून आणखी एक चमचा घातला की ताक. चक्का आणि ताक यांच्यामधलं अंतर म्हणजे साधारण आठ थेंब. नवखा माणूस पाण्याला घाबरतो आणि चक्क्यावरच थांबतो. मीही थांबलो, आणि पहिल्या आठवड्यात माझी हनुवटी इतकी सोलवटली की कारखान्याच्या गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं, "साहेब, मांजर पाळलंय का?"

मग खरेदी. भांडी बाजारात जाऊन जाड पितळेची वाटी आणली. पितळ उष्णता धरून ठेवतं आणि जानेवारीत नाशिकला त्याची गरज असते. निफाडचा पारा रोज पेपरात छापून येतो म्हणून आमच्याकडे थंडी नसते असं नाही. दुकानदाराने "पूजेसाठी का?" असं विचारलं आणि मी नको तितक्या घाईने हो म्हटलं. साबणाच्या तीन वड्या झाल्या, दोन ट्यूब झाल्या. ब्रशची तर वेगळीच कथा. डुकराच्या केसांचा ब्रश पाणी पितो, म्हणून तो दहा मिनिटं आधी भिजत घालावा लागतो. एवढी माहिती मी मोठ्या उत्साहाने जेवताना सांगितली. आईचा घास हातातच राहिला. ज्या बेसिनवर तो ब्रश होता त्याच्या भिंतीपलीकडे आमचं देवघर आहे. संध्याकाळपर्यंत ब्रश घराबाहेर आणि मी नायलॉनवर. अण्णांच्या ब्रशचे केस कुठल्या प्राण्याचे होते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं करूनही फेस कधी यायचा, कधी नाही. येत नव्हताच असं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तो मधूनच एखाद्या मंगळवारी असा काही यायचा, की रेझर गालावरून उतरताना फक्त खुंट कापल्याचा बारीक खर्र आवाज, दुसऱ्यांदा नुसत्या ओल्या गालावरून फिरवला तरी सर्रकन जाई. मी घरभर सगळ्यांना गालाला हात लावून बघायला सांगत हिंडायचो. आणि बुधवारी त्याच वाटीत, त्याच वडीचा, त्याच ब्रशने काढलेला फेस कपाळापर्यंत फासून आरशात बघेस्तोवर विरून जाई आणि गालावर नुसता चुन्याचा हात दिल्यासारखा पांढरा पापुद्रा राही.

क्वालिटीच्या माणसाला वाईट माल चालतो, बेभरवशाचा चालत नाही. वाईट मालाचं कारण सापडतं. मी वही घातली. तारीख, ब्रशचे वडीवरचे फेरे, पाण्याचे चमचे, निकाल. "मंगळवार: 40 फेरे, दीड चमचा, उत्तम. बुधवार: 40 फेरे, दीड चमचा, बोंबलला." कारखान्यात बिघाडाचं मूळ शोधायला माशाच्या काट्यासारखी आकृती काढतात. मधला कणा म्हणजे बिघाड, बाजूचे काटे म्हणजे कारणं: माणूस, यंत्र, माल, पद्धत. ती मी काढून बेसिनच्या आरशाला चिकटवली. मुलाने "माणूस" या काट्याला लाल पेनने गोल केला.

एका रविवारी हरलो आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलो. म्हातारे कारागीर होते. त्यांनी माझ्या तोंडावर नुसतं पाणी मारलं आणि चोळत बसले. साबण नाही, काही नाही. मी म्हटलं, "फेस?" ते म्हणाले, "जिरू द्या साहेब आधी. कोरडा केस तारेसारखा असतो." दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की दाढीचा केस मऊ पडतो हे मी वाचलेलं होतं, पण वाचलेलं गालाला कळत नाही. मग त्यांनी कुठल्यातरी साध्या ट्यूबमधून चिमूटभर क्रीम घेतलं, ब्रशने दहा-बारा हात मारले, आणि तकतकीत फेस. सुलटा हात, मग उलटा हात, एक ओरखडा नाही. निघताना मी विचारलं, रोज असाच कसा येतो? त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "फेसच आहे ना तो," ते म्हणाले.

ती नोंदही वहीत आहे.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. मार्चमधला गुरुवार. मी गालावर पापुद्रा घेऊन बाहेर आलो तर बायको कुकर उघडून आईला सांगत होती, "पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ बोटचेपी नाही. आज बोअरचं दिसतंय." आई म्हणाली, "काल नळाचं होतं, काल कशी मेणासारखी शिजली."

मी तिथेच उभा. "बोअरचं म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? नळाला पाणी कमी आलं की वॉचमन काका बोअरची मोटर लावतात. दोन्ही एकाच टाकीत. तुम्ही राहता ना या सोसायटीत?"

वही आणली. बायकोला कुठल्या दिवशी डाळ शिजली नाही ते बरोबर आठवत होतं, कारण प्रत्येक वेळी मी जेवताना खोट काढली होती. डाळीचे वाईट दिवस आणि फेसाचे वाईट दिवस रांगेने जुळत गेले. माझ्या आकृतीत पाण्याचा काटाच नव्हता. पाणी म्हणजे पाणी, त्यात काय बघायचं?

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात हे होतं, आणि किती सुंदर शब्दांत होतं: सुफेन आणि दुष्फेन. चांगल्या फेसाचं पाणी आणि वाईट फेसाचं पाणी. दोन मार्कांसाठी मी ते पाठही केलं होतं. गोदावरीचं, गंगापूर धरणातून येणारं नळाचं पाणी त्या मानाने सुफेन. बोअरचं पाणी खालच्या काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर आणतं. साबण त्यात गेला की आधी या दोघांना भेटतो आणि त्यांचा पांढरा, न विरघळणारा साका होतो. फेस व्हायचा तो उरलेल्या साबणाचा. डाळीचंही तसंच, तेच क्षार तिचा दाणा मऊ पडू देत नाहीत.

तरी क्वालिटीचा माणूस पुराव्याशिवाय मानत नाही. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या, एकीत आदल्या दिवशी आईने भरून ठेवलेलं कळशीतलं पाणी, दुसरीत त्या क्षणाचं टाकीतलं. दोन्हींत साबणाचे सारखे कीस टाकले, झाकणं लावली आणि वीस वीस वेळा हलवल्या. पहिलीत गळ्यापर्यंत फेस चढला आणि खालचं पाणी जवळजवळ नितळ. दुसरीत फेस दोन बोटं आला, बसला, आणि पाण्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगू लागल्या. त्या गुठळ्या मी चार महिने तोंडाला फासत होतो. अण्णांचा हात चांगला होता हे खरं, पण पंचवटीच्या वाड्यात बोअर नव्हती हेही खरं.

आता उपाय सोपा, असं मला वाटलं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी तांब्याभर घ्यायचं, गरम करायचं, त्यात फेस काढायचा. पहिल्या दिवशी सवयीने 40 फेरे मारले. वाटी भरली, ब्रश भरला, मनगट भरलं, फेस बेसिनमध्ये उतरला आणि तरी वाढतच होता. दुष्फेन पाण्याशी लढून लढून मी साबण दुपटीने घ्यायला शिकलो होतो, आणि समोरचा शत्रू अचानक माघारी गेलेला. 20 फेऱ्यांवर आलो तेव्हा जमलं. तो फेस मात्र अण्णांचा होता. मग दाढी झाल्यावर नेहमीप्रमाणे टाकीतल्या बोअरच्या पाण्याने तोंड धुतलं, तर उरलेल्या साबणाचा गालावरच साका झाला. म्हणजे धुवायलाही आरओ. दोन तांबे. बायकोने सिंकमध्ये जाणारी आरओची बारीक नळी दाखवली आणि एक तांब्या शुद्ध पाण्यामागे किती पाणी वाया जातं याचा हिशेब माझ्यासमोर मांडला. शेवटी तह झाला: नळाचं पाणी असेल त्या दिवशी पाच लिटरचा कॅन माझा मी भरून ठेवायचा, आरओकडे बघायचं नाही. कॅनवर आईने खडूने "दाढी" असं लिहिलं आहे, कोणी प्यायला घेऊ नये म्हणून.

पण कॅन भरायचा तर आज टाकीत कुठलं पाणी आहे ते कळायला हवं. म्हणून मी रोज उठल्या उठल्या टाकीच्या पाण्यात चिमूटभर साबण घेऊन वाटीत दहा फेरे मारतो आणि बघतो. हे घरात सगळ्यांना माहीत झालंय. कुकर लावायच्या आधी स्वयंपाकघरातून हाक येते,

"अहो, फेस कसाय?"

"बसला," मी आतून ओरडतो.

"बरं. मग आज पिठलं."