ताईच्या जिभेखालची गोळी

सकाळी ताई कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणातली कुलूपबंद डबी काढते, गर्दच्या (हेरॉइनच्या) व्यसनावरची बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवते आणि गप्प बसते. गोळी विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात. गिळली तर फुकट जाते, म्हणून तेवढा वेळ बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. माझी सहा वर्षांची भाची तिच्याकडे पाठ करून बसते आणि ताई तिची वेणी घालते. रिबिन कुठली हवी ते भाची बोटाने दाखवते. तिला कुणी गप्प राहायला सांगितलेलं नाही, आई बोलत नाही म्हणून तीही बोलत नाही.

परवा घरातल्याच एका मोठ्या बाई ताईला म्हणाल्या, "अजून गोळ्या चालूच? पोरीसाठी तरी सोड आता." ताई काही बोलली नाही. मी बोलतेय, तिला विचारून.

पोरीसाठीच चालू आहेत त्या गोळ्या. गर्दची तलफ आणि अंग मोडून टाकणारा त्रास, दोन्ही ती गोळी आवरून धरते. ठरलेल्या डोसवर ताईला नशा चढत नाही, म्हणून तर ती सकाळी उठून वेणी घालू शकते. बुप्रेनॉर्फिन आणि त्याच उपचारातलं मेथाडोन ही दोन्ही औषधं 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आणि लोकांच्या बोलण्याला कंटाळून मध्येच सोडली तर? माणूस पुन्हा घसरण्याची भीती मोठी, आणि तोवर शरीराची सवय मोडलेली असते. गर्दचं पूर्वी पचणारं माप तेव्हा जीव घेतं.

भाची पोटात होती तेव्हा तर सगळ्यांनीच ताईला धारेवर धरलं होतं. डॉक्टरांनी मात्र बजावलं, गोळी थांबवायची नाही. 2014 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी बाळ थरथरायला लागलं, किंचाळून रडायला लागलं. हे होऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत, हे आम्हाला आधीच सांगितलेलं होतं. तरी वॉर्डातली एक जण मोठ्याने म्हणालीच, "व्यसनी बाळ." बाळ व्यसनी नसतं हो! त्याच्या शरीराला औषधाची सवय झालेली असते, ती उतरते. ताईने बाळाला उघड्या छातीशी धरलं, दूध पाजलं. हळूहळू थरथर थांबली.

असे शब्द ऐकावे लागतात म्हणून, आणि मूल काढून घेतील या धास्तीने, कितीतरी आया उपचाराच्या दारापर्यंतही येत नाहीत. केंद्रात महिनोन् महिने राहायचं तर लेकराला ठेवायचं कुणाकडे, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी नसतं.

बापांना तर कुणी विचारतच नाही. ताईच्या व्यसनमुक्तीच्या गटात एक जण आहेत, मेथाडोनवर. ते औषध रोज केंद्रात जाऊन, तिथल्या लोकांसमोर प्यावं लागतं. वाटपाची वेळ आणि मुलाच्या शाळेची वेळ एकच. त्यांनी वेळ बदलून मागितली तर उत्तर मिळालं, "मुलाला आई नाही का सोडत?" आई नाहीये त्या मुलाला. आता ते मुलाला शाळा उघडायच्या अर्धा तास आधी फाटकाशी सोडतात आणि धावत औषधाला जातात.

काल भाचीने मला विचारलं, "मावशी, आईची गोळी कधी संपणार?" मी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "माहीत नाही गं. खूप वर्षं लागतील कदाचित." भाचीने जरा विचार केला, म्हणाली, "मग मी मोठी झाले तरी वेणी तूच घाल."