निर्यातबंदी, ऐंशी रुपयांचा कांदा आणि ‘तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?’

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तिखट आहे, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता वेगळं उत्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सारांश: कांद्याची निर्यातबंदी म्हणजे शेतकऱ्यावर लादलेला कर, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की खुला बाजार हा भरल्या पोटाचा छंद आहे. कांदा ऐंशी रुपयांवर गेला की हातावर पोट असलेल्याने काय करायचं ते तुमच्यासारखे कधीच सांगत नाहीत. भाव पडले की हेच शेतकरी अनुदान मागत उभे राहतात. वायदेबाजार म्हणजे शुद्ध सट्टा. कापसावरचं आयातशुल्क काढलं तेव्हा मी गप्प बसलो. आणि उद्योगस्नेही सरकार दिल्लीत असताना त्यालाच झोडपून मी विरोधकांचं काम हलकं करतोय.

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तो मुद्दा लवकर संपतो. ५ मार्च २०१२ रोजी मनमोहनसिंग सरकारने कापसाची निर्यात एका अधिसूचनेने बंद केली. कृषिमंत्री शरद पवार म्हणाले, मला विचारलंच नाही. गुजरातच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, म्हणजे नरेंद्र मोदींनी, पंतप्रधानांना पत्र लिहून या बंदीचा निषेध केला. मी त्या वेळी मोदींच्या बाजूचा होतो आणि २०२३ सालीही २०१२ च्या मोदींच्याच बाजूचा होतो. बदललं ते खुर्चीवरचं माणूस; खुर्ची तशीच राहिली. तेव्हा मी कुणाचं काम हलकं करतो याची काळजी त्या त्या वेळच्या विरोधकांनी करावी.

आता कांदा. २०२३ चा क्रम जरा आठवून पाहा. फेब्रुवारीत लाल कांदा इतका पडला की सोलापूरला ५१२ किलो माल विकून एका शेतकऱ्याच्या हातात हमाली, तोलाई, भाडं वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला. राज्य सरकारने मार्चमध्ये क्विंटलमागे ३५० रुपये जाहीर केले, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत. पुढे उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, गेला. चाळीत ठेवणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळतं: पाऊस लांबला, हवा दमट झाली की सड, कोंब आणि वजनातली घट मिळून चांगला चौथा हिस्सा तरी हातचा जातो, आणि उरलेल्याला बरा भाव मिळेल या आशेवर माणूस थांबतो. ऑगस्टमध्ये भाव उठायला लागले, आणि १९ तारखेला, शनिवारी, ४० टक्के निर्यातशुल्क आलं. सोमवारी नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबरला सरळ बंदी, ३१ मार्चपर्यंत. मार्च आला तेव्हा ‘पुढील आदेशापर्यंत’. बंदी उठली ४ मे २०२४ ला, म्हणजे दिंडोरी आणि नाशिकच्या मतदानाआधी सोळा दिवस, आणि उठतानाही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच उठली. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडावं लागलं.

डिसेंबर संपेपर्यंत लासलगावचा सरासरी भाव जवळपास निम्म्यावर आला होता. हा जो फरक शेतकऱ्याच्या खिशातून गेला त्याला मी कर म्हणतो, आणि तुम्हाला तो शब्द झोंबला. तांत्रिकदृष्ट्या बंदी हा कर नव्हे, मान्य. गंमत तिथेच आहे. कर असता तर राज्यघटनेच्या २६५ व्या कलमाप्रमाणे त्याच्यामागे कायदा लागला असता, दर लागला असता, कुणीतरी संसदेत उठून ‘किती गोळा झाला’ असं विचारलं असतं. बंदीला यातलं काहीच लागत नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाचा एक कागद पुरतो. त्या काळात वाणिज्य खातं आणि ग्राहक व्यवहार खातं एकाच मंत्र्याकडे, पीयूष गोयल यांच्याकडे होतं. निर्यात वाढवायची जबाबदारी आणि भाव खाली ठेवायची जबाबदारी एकाच टेबलावर; कुठली फाइल आधी हलणार ते सांगायला नको.

हा प्रकार कांद्यापुरताही नाही. विकसित देशांची संघटना ओईसीडी आणि दिल्लीची संशोधन संस्था इक्रियर यांच्या २०१८ च्या अहवालाने २०००-०१ ते २०१६-१७ या काळाचा हिशोब मांडला. खतं, वीज, पाणी यांची सगळी अनुदानं जमेला धरूनही भारतीय शेतीला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला, म्हणजे धोरणांनी जितकं दिलं त्याहून जास्त काढून घेतलं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणत आणि ज्यावर शहरातली मंडळी हसत, तीच ही. त्या काळात दिल्लीत रालोआची दोन आणि संपुआची दोन सरकारं होऊन गेली.

तर मग गरीब ग्राहकाचं काय? हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे आणि त्याला बगल देणार नाही. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा धरू. तिसाचा ऐंशी झाला तर महिन्याला अडीचशे रुपये जास्त. तुमच्या-माझ्या घरात हे लक्षातही येत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरात येतं. मग ते अडीचशे रुपये तिला द्या. या देशाचं सरकार ८१ कोटी लोकांना फुकट धान्य पोचवतं, महाराष्ट्राचं सरकार बायकांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये टाकतं. खातं आहे, आधार आहे, यंत्रणा आहे. तीन महिने कांदा महाग झाला म्हणून गरीब घरांना तीन हप्ते जास्त देता येत नाहीत असं कुणी म्हणूच शकत नाही. निर्यातबंदी मात्र तिच्यासाठी, तुमच्यासाठी, माझ्यासाठी आणि पंचतारांकित हॉटेलसाठी कांदा सारखाच स्वस्त करते आणि त्याचं बिल निफाड-येवल्याच्या कांदेवाल्याला पाठवते. नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांनी २०२३ मध्ये कांदा विकत घेऊन दिल्लीत किलोला २५ रुपयांनी विकला त्याला माझा विरोध त्या मानाने कमी आहे. तिथे निदान तोटा सरकारच्या वहीत पडतो.

भाव फार वाढू नयेत यासाठी तरी बंदीचा उपयोग होतो का? त्या हंगामापुरता होतो. पण पुढच्या वर्षी लागवड करणारा, चाळ बांधणारा, शीतगृहात पैसा घालणारा हे सगळं पाहत असतो. वर जायची वाट कधीही बंद होणार हे ठाऊक असलेल्या धंद्यात कोण पैसा लावेल? साठवण वाढत नाही म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टंचाई, टंचाई म्हणून बंदी. गिऱ्हाईकही शहाणं होतं. २०१९ च्या सप्टेंबरअखेर आपण अचानक निर्यात थांबवली तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन, उद्योजकांच्या सभेत, मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असं सांगितलंय असं हसत हसत म्हणाल्या. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, हेही म्हणाल्या. आपला सगळ्यात मोठा कांद्याचा ग्राहक आपल्याच राजधानीत हे बोलतो, आणि पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, आपण पुन्हा तेच करतो. तारीख बघा: दुसऱ्याच दिवशी लोकसभेने आवश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. शेतमालावरची बंधनं काढणारा कायदा आणि कांद्याची निर्यातबंदी चोवीस तासांच्या आत! ही दुरुस्ती ज्यात होती त्या तीन कृषी कायद्यांचं, जे पुढे मागे घेतले गेले, मी समर्थन केलं होतं, आजही करतो. पण ‘सरकारचा हेतू खरा आहे यावर विश्वास ठेवा’ असं नाशिकच्या शेतकऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्यांनी बंदी घातली की मात्र आपल्याला बाजाराचे नियम आठवतात. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, आपल्याकडे केवढा संताप! १३ मे ला आपण गहू थांबवला.

अनुदानाच्या मुद्द्यावर तुमच्याशी थोडं सहमत व्हायला हरकत नाही. पडत्या भावात सरकारने यावं ही माझी मागणी नाही, आणि जे शेतकरी नेते भाव वाढले की खुला बाजार मागतात व पडले की खरेदी केंद्र मागतात त्यांच्याशी मी बऱ्याच वेळा भांडलोय. पण क्रम लक्षात घ्या. तेजीत सरकार येतं, मंदीत बाजार येतो, अशी आजची वाटणी आहे. ज्याच्याकडून चांगल्या वर्षाची कमाई काढून घेतली त्याला वाईट वर्षी दिलेले साडेतीनशे रुपये भीक नव्हेत, अपुरी भरपाई आहे. सरकारने बंदीचा अधिकार सोडावा, मी अनुदानाच्या विरोधात तुमच्या शेजारी बसून लिहीन. अगदीच सोडवत नसेल तर निदान नियम आधी सांगा: भाव किती टक्के वाढला की पाऊल उचलणार, आधी किती दिवसांची सूचना देणार, झालेले सौदे पूर्ण करू देणार की नाही.

वायदेबाजाराबद्दल, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यांबद्दल, थोडक्यात. बाजार नियामक सेबीने २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग, भात आणि पामतेल यांचे वायदे बंद केले. वायद्यामुळे भाव चढतात हे खरं असतं तर नंतर ते उतरायला हवे होते. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये युक्रेन युद्धामुळे खाद्यतेल आणि सोयाबीन कडाडलं, वायदा बंद असताना. संपुआ सरकारनेही २००७ मध्ये तूर, उडीद, गहू, तांदळाचे वायदे बंद केले होते आणि अभिजित सेन समिती नेमली होती. समितीला वायद्यांनी भाव वाढवल्याचा निष्कर्ष काढता आला नाही. सट्टा होतो का? होतो. पण वायदा बंद केल्याने लातूरच्या सोयाबीनवाल्याला पेरणीच्या वेळी दिसणारा पुढचा भाव तेवढा गेला. आता तो मोबाइलवर अफवा वाचून पेरतो.

राजकारणाचं म्हणाल, तर २०२४ ने एक प्रयोग करून दाखवला. लोकसभेला दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार पडल्या. कांदा हेच एकमेव कारण नव्हतं, पण मोठं होतं. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीने घेतल्या. मधल्या काळात लाडक्या बहिणींच्या खात्यात पैसे पडले होते. त्या योजनेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण तिचा खर्च अर्थसंकल्पात दिसतो, त्यावर टीका करता येते, कॅग तो तपासू शकतो. तिजोरीतून दिलेल्या पैशाला मतं मिळतात हे सत्ताधाऱ्यांनी स्वतःच सिद्ध केलंय. मग शहरातला ग्राहक सांभाळायलाही तिजोरीच उघडा की.

राहिला कापूस. १९ ऑगस्ट २०२५ ला ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत, तेव्हा मी गप्प होतो कारण माझा त्याला विरोध नव्हता. निर्यात खुली मागणाऱ्याने आयात बंद मागायची नसते, आणि विदर्भातल्या मित्रांना हे आवडत नाही हे मला माहीत आहे. विरोध आहे तो अर्ध्याच उघडलेल्या दाराला. २००६ मध्ये बीजी-२ हे बोंडअळीला तोंड देणारं बीटी कापसाचं तंत्रज्ञान आलं, आणि २००९ नंतर कापसात एकही नवं जनुकीय तंत्रज्ञान आपल्याकडे मंजूर झालेलं नाही. तणनाशक सहन करणारं, इथे मंजुरी नसलेलं वाण लावण्यासाठी २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांना सविनय कायदेभंग करावा लागला. अमेरिका आणि ब्राझीलचा शेतकरी तसलीच वाणं राजरोस लावतो, आणि त्याचा कापूस त्या चार महिन्यांत आपल्या बंदरात शुल्काशिवाय उतरत होता. तो कापूस चालतो, ते बियाणं चालत नाही. याचं समर्थन तुम्हाला सापडलं तर जरूर लिहा, मी ते जसंच्या तसं छापीन.