आईची वही

शेजारच्या काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. तीन महिने घराबाहेर पडायचं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "आता निवांत आराम करा." परवा मी गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. घरी आलो आणि आईची २०२० सालची वही काढली.

तेव्हा आई फलटणजवळ गावी एकटी, मी पुण्यात आणि जिल्ह्याच्या हद्दी बंद. दिवसभर टीव्ही लावून ती फोनवर मला फक्त आकडे सांगायची, कुठे किती पेशंट सापडले. मग रामनवमीला, २ एप्रिलला म्हणाली, "ज्ञानेश्वरी लिहून काढते. रोज पन्नास ओव्या." ओव्या ९,००० च्या वर, म्हणजे सहा महिने! म्हटलं, "अगं, तोवर उघडेल सगळं." तर म्हणाली, "मग वारीहून आल्यावर पुढचं लिहीन."

वारी झालीच नाही. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा जो रस्ता दरवर्षी माणसांनी फुलतो, तो रिकामा राहिला. ३० जूनला पादुका मोजक्या माणसांसोबत एसटीने पंढरीला गेल्या. दुसऱ्या दिवशी आषाढी. संध्याकाळी फोन केला तर आईला बोलवेना. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तेराव्या अध्यायात आहे." त्या दिवशीचं पान माझ्यासमोर आहे. अक्षर हललंय, पण ओव्या पन्नास आहेत.

श्रद्धा म्हणजे 'सगळं नीट होईल' असं वाटणं, अशी माझी समजूत होती. आईला तसं अजिबात वाटत नव्हतं. ती घाबरलेली होती, ओळखीची माणसं जात होती. तिच्याकडे होता तो नेम. पहाटे तुळशीला पाणी, मग वही, दिवेलागणीला हरिपाठ. आज मन लागतंय का, हे नेमाला विचारायचं नसतं. आणि पन्नास ओव्या झाल्या की फोनवर तिचा आवाज बदललेला असायचा, हे मी रोज ऐकलंय. मलाही तेव्हा वेळ होताच, पण ते महिने कसे गेले, मला सांगता येणार नाही. तिला तारीखवार सांगता येतात.

अठरावा अध्याय सगळ्यात मोठा, १,८०० च्या वर ओव्या. तो संपायला अधिक महिना उजाडला. देवळं त्यानंतर उघडली, १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी.

म्हणून मला कळकळीनं वाटतं, की घरात अडकलेल्या माणसाला वेळ घालवायला काहीतरी देऊ नये. त्याच्याकडून काहीतरी मागावं.

काल काकांना विचारलं, "तुम्हाला पाठ काय येतं?" म्हणाले, "रामरक्षा यायची. आता मधलं सगळं गेलं." श्लोक ३८. मी कोरी वही पुढे केली. त्यांनी चष्मा मागितला, उशी पाठीशी घेतली. पाच श्लोक लिहून झाले आणि सहाव्याला अडले. मी मोबाईल काढला, तसा त्यांनी हात धरला.

"नको, सांगू नकोस. उद्या ये. तोवर आठवतो मी."