‘दोन शब्द टाकून बघा, लगेच कळेल’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय: नव्या सर्च इंजिनच्या नादी लागू नका. दोन शब्द टाकले की त्याची लायकी कळते, आतून सगळी एकाच ठिकाणचा माल दाखवतात, आणि चांगलं असतं तर लोक केव्हाच तिकडे गेले असते.

यातली मधली गोष्ट अर्धी खरी आहे. डकडकगो या सर्च इंजिनचे नेहमीचे निकाल बरेचसे मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. पण मोजीक आणि ब्रेव्ह सर्च या इंजिनांनी वेब धुंडाळून स्वतःची सूची, म्हणजे शोधायच्या पानांची यादी, उभी केली आहे. म्हणून नवं इंजिन उघडलं की आधी विचारायचं, सूची कोणाची? उसनी असेल तर निकाल ओळखीचेच दिसणार. तिथे तपासायचं ते आपली किती माहिती साठवली जाते हे.

‘लोक गेले असते.’ लोकांना निवडायला मिळतं कुठे? फोन हातात येतो तेव्हा इंजिन आधीच ठरलेलं असतं. ही जागा मिळवायला गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झालं. लोक आपसूक येणार असते तर एवढी रक्कम कशाला ओतली असती? आणि १९९८ साली गूगलही नवखंच होतं. अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या सर्च इंजिनवर रुळलेल्या लोकांनी ते वापरून पाहिलं, म्हणून ते वाढलं.

मला सगळ्यात खटकतो तो दोन शब्दांचा सल्ला. सोपे शब्द कुठल्याही इंजिनला जमतात. खरी परीक्षा आपल्या रोजच्या शोधांची, आणि त्यातही मराठीची. एका नव्या इंजिनात मी ‘डोळे कोरडे पडणे’ टाकलं, मग ‘डोळ्यांचा कोरडेपणा’. पहिल्या पानावरचा एकही निकाल दोन्हीकडे सारखा नव्हता. ‘डोळे’ आणि ‘डोळ्यांचा’ हा एकच शब्द आहे, हे त्याला उमगलंच नव्हतं. दुसरी गोष्ट आणखी बारीक. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकीकडे ऱ हे वेगळं अक्षर, दुसरीकडे साधा र आणि जोडीला न दिसणारं चिन्ह. वाचणाऱ्याला शब्द एकच दिसतो, यंत्राला दोन. इंजिनने ते जुळवून घेतले नाहीत तर कामाची पानं हातची जातात आणि आपल्याला वाटतं, मराठीत यावर कोणी लिहिलेलंच नाही. हे दोन शब्दांत कसं कळणार?

मी आधीच्या आठवड्यातले माझेच वीस शोध त्या इंजिनात पुन्हा केले. चौदा जमले, सहा फसले. फसलेले सहा मी शब्दांसकट ते इंजिन चालवणाऱ्यांना कळवले आहेत आणि महिन्याभराने तेच वीस पुन्हा टाकून बघणार आहे.