कर्ज काढून १ लाख ४० हजार कमावण्याची युक्ती

‘मोटार घ्यायची आहे? मुदत ठेव मोडू नका, कर्ज काढा आणि वर नफा कमवा’, असे सांगणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर बरेच दिवस फिरतो आहे. कधी त्यात मोटार असते, कधी घराची दुरुस्ती, कधी मुलीचे लग्न. हिशेब मात्र तोच. तुमच्याकडे १० लाखांची ठेव आहे. तिच्यावर ७ टक्के दराने पाच वर्षांत ४ लाख १५ हजार व्याज मिळेल. तेवढेच कर्ज १० टक्के दराने पाच वर्षांसाठी काढले तर घटत्या शिलकीमुळे, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागत असल्यामुळे, एकूण व्याज फक्त २ लाख ७५ हजार पडेल. म्हणजे निव्वळ नफा १ लाख ४० हजार, आणि गाडी दारात.

मी एरवी असे संदेश न वाचताच पुढे जातो. हा मात्र माझ्या मामांपर्यंत पोहोचला. मामा निवृत्त शिक्षक आहेत आणि ग्रॅच्युइटीचे १० लाख त्यांनी ठेवीत ठेवले आहेत. त्यांनी मला फोन करून सांगितले, “अरे, शोरूममधल्या मुलानेसुद्धा हेच गणित मांडून दाखवलं. कर्जाचा फॉर्म भरून ठेवलाय, उद्या सही करतो.” मी त्यांना सही एक दिवस पुढे ढकलायला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो.

आधी एक गोष्ट मान्य करतो. संदेशातले दोन्ही आकडे बरोबर आहेत. १० लाखांवर १० टक्के दराने साठ महिन्यांचा हप्ता २१,२४७ रुपये येतो आणि एकूण व्याज २ लाख ७५ हजारच होते. दर तिमाहीला चक्रवाढ धरली तर ठेवीचे व्याजही ४ लाख १५ हजारच होते. म्हणूनच हा संदेश फसवा आहे: कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या माणसालाही त्यात चूक सापडत नाही, कारण चूक गुणाकारात नाही, तुलनेत आहे.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, पंचराशिकाचे, म्हणजे पाच ज्ञात संख्यांवरून सहावी काढण्याच्या रीतीचे, उदाहरण व्याजाचेच दिले आहे: शंभराचे एका महिन्याचे व्याज पाच, तर सोळांचे एका वर्षाचे किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. तिथे प्रत्येक बाजूला मुद्दल, काळ आणि व्याज अशी तिन्ही पदे मांडावी लागतात. त्यांतले एक जरी गाळले तर उत्तराला अर्थ उरत नाही. या संदेशाने नेमके मुद्दलाचे पद गाळले आहे. दोन्हीकडे ‘१० लाख’ लिहिले आहे खरे, पण ते फक्त पहिल्या दिवसापुरते. ठेवीतले मुद्दल व्याज मिळून वाढत जाते आणि पाच वर्षांची सरासरी काढली तर ते ११ लाख ८५ हजार भरते. कर्जाचे मुद्दल दर हप्त्याला कमी होते. तीन वर्षांनी ते ४ लाख ६० हजारांवर आलेले असते आणि पाच वर्षांची सरासरी जेमतेम साडेपाच लाख असते. दुपटीहून मोठ्या रकमेवर ७ टक्के मिळाले आणि निम्म्याहून लहान रकमेवर १० टक्के भरले, तर मिळालेले व्याज जास्त दिसणारच. त्याला नफा कोणत्या अर्थाने म्हणायचे?

आता कर्जाचे मुद्दल कमी कशामुळे झाले, ते विचारा. मामांनी दर महिन्याला पेन्शनमधून २१,२४७ रुपये भरले म्हणून. हे पावणेतेरा लाख रुपये संदेशात कुठेच नाहीत. कुणाच्या खिशातून गेले, आणि ते गेले नसते तर त्यांचे काय झाले असते, याबद्दल एक अक्षर नाही.

मी मामांच्या समोर फुलस्केप वही उघडून मधोमध रेघ मारली. डावीकडे संदेशाचा मार्ग: ठेव तशीच, कर्जावर गाडी, पाच वर्षे हप्ते. शेवटी हातात १४ लाख १५ हजार. उजवीकडे दुसरा मार्ग: ठेव मोडली, गाडी रोखीने घेतली, आणि तोच २१,२४७ रुपयांचा हप्ता त्याच तारखेला त्याच ७ टक्क्यांनी आवर्ती ठेवीत (रिकरिंग डिपॉझिटमध्ये) टाकला. महिन्याचा खर्च दोन्हीकडे पैशापैशाने सारखा, गाडी तीच. शेवटी हातात १५ लाख २० हजार. मामांनी चष्मा वर करून दोन्ही आकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे दीड लाख मिळायचे राहिले बाजूला, लाखभर जाणार होते की!” एक लाख पाच हजार, मामा.

एवढ्यावर मामांचे समाधान झाले होते. ज्यांचे अजून झाले नसेल त्यांच्यासाठी याच हिशेबाची पुढची पायरी, कारण तिथे त्याचा मूर्खपणा उघडा पडतो. कर्जाचा दर १४ टक्के करून पाहा. एकूण व्याज ३ लाख ९६ हजार होते, म्हणजे संदेशाच्या पद्धतीने अजूनही १८ हजारांहून अधिक ‘नफा’ शिल्लक आहे! ७ टक्क्यांनी पैसे ठेवायचे, तेवढेच पैसे दुप्पट दराने उसने घ्यायचे, आणि तरी फायदा. मग गाडी तरी कशाला हवी? १० टक्क्यांनी १० लाख उचला, ७ टक्क्यांच्या ठेवीत टाका आणि घरी बसून १ लाख ४० हजार मिळवा. वर्षातून चार वेळा केले तर नोकरीचीही गरज नाही. बँक ठेवीदाराला ७ देते, कर्जदाराकडून १० घेते आणि मधल्या ३ टक्क्यांवर जगते. ठेवीदार आणि कर्जदार एकच माणूस असला की ते ३ टक्के बँक सोडून देते, अशी कुणाची समजूत आहे का?

संदेशात आणखीही मुद्दे असतात. ठेव मोडली तर दंड पडतो, हे खरे. तो बहुधा व्याजदरात अर्धा ते एक टक्का कपातीचा असतो आणि ठेवीचे थोडेच महिने उरले असतील तर थांबण्यात शहाणपण आहे. श्रीमंत लोक स्वतःचे पैसे कधी वापरत नाहीत, हे वाक्य मी सोडून देतो. प्राप्तिकराचा विषय मात्र संदेश सोयीने टाळतो. ठेवीवरचे व्याज उत्पन्नात धरले जाते. खासगी मोटारीच्या कर्जावर भरलेल्या व्याजाची वजावट पेन्शनरला मिळत नाही. संदेशाच्या मार्गाने ४ लाख १५ हजारांवर कर लागू शकतो, आवर्ती ठेवीच्या मार्गाने २ लाख ४५ हजारांवर. म्हणजे कर भरणाऱ्याचे नुकसान आणखी वाढते.

‘फ्लॅट ६ टक्के’ या शब्दांवरही थोडे बोलले पाहिजे, कारण शोरूमच्या कागदावर ते ठळक छापलेले होते. या दराने पाचही वर्षे पूर्ण १० लाखांवर व्याज लावले जाते, जरी तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. हप्ता २१,६६७ येतो आणि घटत्या शिलकीचा दर काढला तर तो १०.८५ टक्क्यांच्या आसपास निघतो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे पत्रक देणे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणे बंधनकारक आहे. सही करण्याआधी ते पत्रक मागा. मामांना ते दाखवलेच नव्हते.

संदेशाच्या बाजूने एक गोष्ट, नाइलाजाने का होईना, कबूल केली पाहिजे. कर्जाचा हप्ता चुकवता येत नाही, आवर्ती ठेव चुकवता येते. गाडी रोखीने घेऊन हप्त्याएवढे पैसे दर महिन्याला उडवणाऱ्या माणसाकडे पाच वर्षांनी ठेवही नसेल आणि शिल्लकही नसेल. शिवाय सगळी पुंजी एकाच ठेवीत असेल तर ती मोडल्यावर आजारपणासाठी हाताशी काही राहत नाही. मामांना हीच काळजी होती. म्हणून त्यांनी १० लाखांची गाडी सोडून ६ लाखांची जुनी पण चांगली पाहिली आहे. ठेव मोडून उरलेल्या ४ लाखांची नवी पावती ते मामींच्या नावाने करणार आहेत, आणि पेन्शन जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीत आपोआप पैसे जातील अशी सूचना बँकेत देऊन आले आहेत.