दोषींची गय केली जाणार नाही, आणि इतर उपयोगी वाक्यं

माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला परवा उत्तर आलं. एका बालगृहाची तपासणी गेल्या वर्षात केव्हा केव्हा झाली, त्या अहवालांच्या प्रती द्या, एवढंच मागितलं होतं. उत्तर एका ओळीचं : ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ खाली गोल शिक्का, तोही अर्धा कागदाबाहेर. म्हणून समक्ष गेले, तर टेबलापलीकडच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, ‘तुमचं कोणी आहे का तिथे?’ नाही म्हटलं. ‘मग तुम्हाला कशाला हवंय?’

अर्जदाराला कारण विचारायचं नाही असं कायद्यातच लिहिलंय, हे मी त्यांना ऐकवणार होते. पण बाईंनी इतक्या मनापासून विचारलं होतं की गप्प बसले. अख्खं खातं कोणत्या तत्त्वावर चालतं ते मला फुकटात कळलं होतं. ते तुमच्यापासून लपवून ठेवणं बरं नाही. न जाणो, उद्या खातेवाटपात महिला व बालविकास तुमच्याच गळ्यात पडलं (भांडून मागून घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही) आणि एखाद्या वसतिगृहातलं, आश्रमशाळेतलं पोर अत्याचाराबद्दल तोंड उघडून बोललं, तर हाताशी काहीतरी असावं.

सगळ्यात आधी वाक्यं पाठ करा. ‘दोषींची गय केली जाणार नाही.’ ‘कोणालाही पाठीशी घातलं जाणार नाही.’ ‘खटला फास्ट ट्रॅक कोर्टात चालवू.’ तिन्हींत एक खुबी आहे, सगळी उद्याची वाक्यं आहेत. कालचा विषय काढायचाच नाही. काढलात की कोणीतरी आगाऊ विचारतं, ‘तुमच्या कार्यालयाला हे पहिल्यांदा कधी कळलं?’ आणि मग आवक नोंदवही शोधावी लागते.

लेखी तक्रार आली तर फाडू नका. ती खाली पाठवा. कोपऱ्यात ‘उचित कार्यवाहीस्तव’ लिहिलं की ती तुमची राहत नाही. मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून जिल्ह्याला, आणि जिल्ह्यातून थेट त्याच संस्थेच्या अधीक्षकाला : ‘तक्रारीच्या अनुषंगाने आपला खुलासा तात्काळ सादर करावा.’ ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात तक्रार, पोराच्या नावानिशी. आणि ते पोर त्या रात्री त्याच्याच छपराखाली झोपणार. दुसऱ्या दिवशी पोर म्हणतं, मी असं काही बोललोच नाही. झाली चौकशी. ‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.’

समिती नेमा. मुदत द्या, मग मुदतवाढ द्या. अहवाल आलाच तर त्याचा अभ्यास करायला दुसरी नेमा.

कायदा वाचू नका.

राजीनाम्याची धास्ती तर अजिबात नको. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर अत्याचार होताहेत, हे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने सामाजिक लेखापरीक्षण करून बिहार सरकारला लिहून दिलं होतं. गुन्हा नोंदवला गेला ३१ मे २०१८ ला. अहवाल आणि गुन्हा यांच्या मध्ये महिन्याहून जास्त काळ गेला. एवढे दिवस मुली कुठे होत्या, हा प्रश्न विचारायला आपण मोकळे. समाजकल्याण खात्याच्या मंत्रीणबाईंनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला खरा, पण तो नवऱ्याचे मुख्य आरोपीशी फोन झाल्याचं बाहेर आलं म्हणून. अहवालावर बसून राहिल्याबद्दल नव्हे. तेव्हा घरच्यांचे फोन तेवढे सांभाळा. बसून राहायला काही हरकत नाही.

आणि कॅमेरे! कॅमेरे बसवायचा आदेश काढा, हा रामबाण आहे. बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये चार-चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाले, आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. पालक पोलीस ठाण्यात दहा-बारा तास बसून राहिले तेव्हा कुठे गुन्हा लिहून घेतला गेला. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल तासन् तास बंद पडल्या, आणि २१ ऑगस्टला शासन निर्णय हजर : महिन्याभरात सगळ्या शाळांत सीसीटीव्ही. वा! त्याच शाळेतलं पंधरा दिवसांचं चित्रीकरण गायब असल्याचं शिक्षणमंत्र्यांनीच पुढे सांगितलं. म्हणजे कॅमेरे होते की! मुलांच्या सुरक्षेसाठी शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमा, हाही आदेश मार्च २०२२ पासून होता. आदेशांचं कधी काही कमी पडलंय का आपल्याकडे? तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले, आंदोलक बाहेरचे होते. असतील. पण मुली तर गावातल्या होत्या ना? शाळा गावातली, पोलीस ठाणं गावातलं. तीनशेच्या आसपास आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले, त्यासाठी कोणाला बाकावर दहा तास बसवून ठेवलं होतं? दुसऱ्या मुलीच्या घरच्यांचा जबाब घ्यायची आठवण झाली ती उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर, आणि तीही मध्यरात्री. तीन पोलीस निलंबित केले, की वरचे सगळे मोकळे. मग २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले, त्यावर बंदूक हातात घेतलेले गृहमंत्री. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव तेव्हा कुठे होते? पोलिसांना ते सापडतच नव्हते. ऑक्टोबर उजाडला तेव्हा सापडले. ज्याला कोर्टात उभं करून विचारता आलं असतं, तुला कोणी ठेवलं, तुझ्यावर लक्ष कोणाचं होतं, आधी कोणी कधी काही बोललं होतं का, तो आधी संपला. ज्यांनी पोलिसांना कळवायला हवं होतं, ते नंतर हाती लागले. आणि याला न्याय म्हणून फटाके वाजवणारे आपणच.

जाऊ द्या. हे आता थट्टेत लिहवत नाही.

वाचू नका म्हटलं तो कायदा मी वाचलाय. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ५४ : मुलं ठेवलेल्या प्रत्येक संस्थेची तीन महिन्यांतून किमान एकदा तपासणी, पथकात किमान तीन जण, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर, आणि आठवड्याच्या आत अहवाल. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवायचा कायदा, २०१२, कलम १९ : शंका आली किंवा कळलं, तर पोलिसांना कळवायचं, मग ती कोणतीही व्यक्ती असो. संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर कलम २१ खाली वर्षापर्यंत कैद. कोणतीही व्यक्ती म्हणजे नुसता शिपाई आणि वर्गशिक्षिका नव्हे, मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरचा माणूसही. मुलीचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, वर्दी न घालता घ्यायचा, हेसुद्धा त्याच कायद्यात आहे. काहीही नवीन करायची गरज नव्हती. जे छापलंय ते करायचं होतं.

ते होत नाही, कारण न केल्याची किंमत फक्त पोरं मोजतात. अनुदान घेणाऱ्या या संस्था कोणाच्या, अध्यक्ष कोणाचा मेहुणा, निवडणुकीत गाड्या कोणाच्या पळतात, हे जिल्ह्यात पानटपरीवरही ठाऊक असतं. तुम्हाला माहीत नव्हतं असं कॅमेऱ्यासमोर सांगताना लाज कशी वाटत नाही? माहीत नसेल तर खातं कशाला घेतलंत? आणि माहीत असेल तर अजून खुर्चीत कसे?

पोराने त्याचं काम केलंय. एवढ्याशा जिवाने भीत भीत सांगितलं. आई नोकरी बुडवून पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली. आता तुमचं काम. सभागृहात उभे राहा आणि तारखा वाचून दाखवा : तक्रार कोणत्या दिवशी आली, कोणी उघडली, कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती, त्या दिवसांत ते मूल कोणाच्या ताब्यात होतं. त्यात मंत्र्याचं नाव येत असेल तर मंत्र्याचं वाचा, सचिवाचं येत असेल तर सचिवाचं. प्रत्येक वेळी एक शिपाई आणि एक हवालदार आमच्या अंगावर फेकून विषय मिटवायचा धंदा बंद करा. आणि जमत नसेल तर सरळ घरी बसा, तुमच्यावाचून कोणाचं अडलेलं नाही.