मीटर लावा ना आधी!

चेक इंजिनचा दिवा लागला की इंदूरच्या कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजात जा, उत्तर ठरलेलं: "अंकल, सेंसर गया." स्कॅनर लावला, पी०१३५ आला, सेंसर बदलला, बिल हातात. अरे, पण तो कोड काय सांगतोय ते तरी बघा! पुढच्या ऑक्सिजन सेंसरच्या (एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) हीटर सर्किटमध्ये बिघाड, एवढंच तो म्हणतो. सर्किटमध्ये फ्यूज आला, रिले आला, वायर आली, कनेक्टर आला. सेंसर त्यातला एक. पण पैसे सेंसरमध्ये आहेत ना!

बाबांच्या गाडीचं हेच झालं. पेन्शनीतला माणूस, मिस्त्री म्हणाला त्यावर विश्वास ठेवला. नवा सेंसर आणला तोही भलत्याच मॉडेलचा, कनेक्टर बसेना. मग काय केलं? गाडीचं मूळ कनेक्टर पक्कडीने कापलं! चारही वायरी पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली, आणि हे सगळं तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी. टेप वितळून बोटाला चिकटत होती. पुष्कळ सेंसर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींमधूनच आत घेतात, म्हणून तिथे डाग देऊ नये, स्प्रे मारू नये म्हणतात. आणि यांनी सरळ टेप थापली.

दिवा परत लागला तेव्हा म्हणे, "अब ईसीएम देखना पड़ेगा." म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर! तेव्हा माझं डोकं सणकलं.

जेल रोडवर साधा मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो. चार वायरींच्या नेहमीच्या सेंसरला दोन वायरी एकाच रंगाच्या असतात, बहुतेकदा पांढऱ्या. त्या हीटरच्या. काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थची. पण हे रंग सेंसरच्या बाजूचे! गाडीच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, रंग वेगळेच असतात, तिथे सर्किट डायग्राम बघून पिन जुळवायची. रंगाला रंग जोडत बसलात तर हीटरचे १२ व्होल्ट भलत्याच वायरीत जातील.

थंड सेंसरच्या दोन पांढऱ्या वायरींवर ओहम मोजा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत, मीटर काहीच दाखवत नसेल तर आतून तुटलाय. मग इंजिन चालू ठेवून हार्नेसच्या बाजूला बॅटरीचे व्होल्ट येतात का बघा. गाडी तापल्यावर सिग्नल साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा खालीवर व्हायला हवा. मीटरची पिन कनेक्टरच्या मागून घालायची, वायरीला भोकं पाडायची नाहीत. आणि सिग्नलच्या वायरीवर टेस्ट लॅम्प तर अजिबात लावायचा नाही, हे मिस्त्रीला मी सांगायचं?

मी मोजलं. नव्या सेंसरचा हीटर ठीक. हार्नेसला व्होल्ट शून्य. फ्यूज उडालेला, नवा घातला तर तोही उडाला. वायर धरत धरत मागे गेलो, तर इंजिनच्या मागच्या ब्रॅकेटवर घासून तिचं इन्सुलेशन गेलेलं, तांबं बॉडीला टेकलेलं. बोटभर जागा! बाबांनी जुना सेंसर मागून आणला होता, तोही मोजला. त्याचाही हीटर धडधाकट.

इथून जवळच पीथमपूर आहे, कारखान्यांचं गाव. तिथे नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, गाड्यांच्या चाचण्या होतात. आणि शहरातल्या गॅरेजात फ्यूज बघायला कुणी वाकत नाही! बीएस६चे प्रदूषणाचे नियम आल्यापासून मोटरसायकललासुद्धा हा सेंसर आहे. म्हणजे आता डिलिव्हरीवाल्या पोरांनाही हेच बिल.

फ्यूज आणि वायरीचं काम मी केलं. पण कापलेलं कनेक्टर सुटं मिळत नाही, पूर्ण हार्नेस घ्या म्हणतात. आम्ही का घ्यायचा? ज्याने पक्कड चालवली त्याने भरावा, आणि न लागणाऱ्या सेंसरचे पैसेही बाबांच्या हातात परत ठेवावेत.